ताप यावा असं वाटणारा मुलगा

हे बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं पण भाच्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलेलं. मागच्या आठवड्यात जेवताना विचारलं तर म्हणाला, लिही ना मावशी, फक्त माझं नाव नको टाकू आणि शाळेचं पण नको. म्हणून दोन्ही नाहीयेत यात.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो. माझी धाकटी बहीण मराठवाड्यात असते, तिच्या मिस्टरांची बँकेतली नोकरी, दर तीन वर्षांनी बदली, आणि बदलीचं गाव कुठलं निघेल त्याचा काही नेम नाही. पोराच्या शाळेचे हाल नकोत म्हणून जून २०१८ ला पाचवीतच त्याला नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या एका निवासी शाळेत टाकलं. टाकलं हाच शब्द आपण सगळे वापरतो, होस्टेलला टाकलं, तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून माझं नाव. म्हणजे दर दुसऱ्या रविवारी सकाळी गेटवर सही करून त्याला घ्यायचं, ठाण्याला आणायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत परत सोडायचं. जायला यायला रिक्षा धरून दोन-दोन तास, त्यामुळे घरी मिळायचे जेमतेम पाच तास.

आधीचे ते पाच तास म्हणजे काय धमाल असायची. मामलेदारची मिसळ झालीच पाहिजे, मग तलावपाळीला बोटीत बसायचं, मग घरी येऊन माझ्या मुलीशी भांडण, आणि या सगळ्यात तोंडाची टकळी चालू. कोणाच्या ट्रंकेत उंदीर शिरला, मेसच्या काकांनी रविवारी कोणाला जास्तीचा गुलाबजाम दिला, आठवीतल्या दादाने मोजे ट्यूबलाईटच्या पट्टीवर वाळवायला शिकवलं. परत सोडताना कधी रडला नाही, उलट गेट दिसलं की पळायचा.

मग मार्च २०२० आला. मुलांना एकेक बॅग भरून घरी पाठवलं, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे म्हणून. ट्रंका तिथेच राहिल्या. पुढे सहावीची वार्षिक परीक्षा नाही, सातवी पूर्ण मोबाईलवर, आठवी पण जवळजवळ तशीच. त्याच्या शाळेचं होस्टेल पूर्ण सुरू झालं जून २०२२ ला आणि तेव्हा तो थेट नववीत.

त्या दिवशी बहिणीला यायला जमलं नाही म्हणून मीच गेले सोडायला. डॉर्मिटरीत सगळ्या ट्रंका ओळीने काढून ठेवलेल्या, प्रत्येकावर खडूने नाव. त्याने कुलूप उघडलं. आत सहावीतला मुलगा होता, दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगू. एवढासा स्वेटर, बुरशी लागलेले पीटीचे बूट, अर्धा पार्ले-जीचा पुडा पार भुगा झालेला, आणि एक अर्धवट लिहिलेली भूगोलाची वही. तो आता माझ्या कानापर्यंत आलेला, आवाज फुटलेला, मिसरूड फुटायला लागलेली. त्याने स्वेटर हातात धरला, अंगाला लावून बघितला, घडी घालून परत ठेवला आणि म्हणाला हे घरी घेऊन जा मावशी. मी त्या वेळी नवीन बूट कुठून आणायचे याच्या विचारात होते. आता वाटतं तिथेच दोन मिनिटं बसायला हवं होतं त्याच्याशेजारी.

आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. होस्टेलमध्ये राहायचं कसं हे रेक्टर शिकवत नाहीत, ते वरच्या वर्गातले दादा शिकवतात. घरची आठवण आली की काय करायचं, कुठल्या सरांना कधी विचारायचं, गादीखाली फरसाण कसं लपवायचं, रडू आलं तर कुठे जाऊन रडायचं. सहावीतून घरी गेलेला मुलगा परत येतो तेव्हा ते सगळे दादा पास होऊन निघून गेलेले, कोणी कोणाला टाटा पण केलेला नाही. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं आलीच नाहीत परत, कोणाच्या वडिलांची नोकरी गेली, कोणाच्या घरचं माणूसच गेलं. त्यांच्या जागी नवीन मुलं, ज्यांनी आयुष्यात कधी होस्टेल पाहिलेलं नाही. आणि पाचवी-सहावीतली पिल्लं याला दादा दादा करत मागे. याला स्वतःला सहावीनंतर दादा मिळालाच नाही, मधली दोन वर्षं त्याने स्वतःच्या खोलीत बंद काढलेली, आणि आता तो दादा. किती मोठं ओझं आहे हे चौदा वर्षांच्या मुलावर, आणि टाइमटेबलमध्ये त्याची कुठे नोंदच नाही.

टाइमटेबलचं बोलायचं तर. साडेपाचला घंटा, पीटी, नाश्ता, शाळा, जेवण, परत शाळा, खेळ, प्रेप म्हणजे अभ्यासाचा तास, जेवण, आणि नववी-दहावीला रात्री अजून एक फाउंडेशनची बॅच कारण दोन वर्षांचा गॅप भरून काढायचाय. दिवे बंद साडेदहाला. गॅप भरून काढायचा, हे वाक्य त्या वर्षी मी इतक्या वेळा ऐकलं ना, पालकसभेत, सोसायटीत, ऑफिसमध्ये, आणि मी स्वतः पण म्हणायचे. करोनात बोर्डाने २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला होता, २०२१ ला तर दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला, २०२२ च्या मुलांना कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, स्वतःच्याच शाळेत आणि जास्तीच्या वेळेत पेपर देता आला. ज्या वर्षी भाचा होस्टेलला परतला त्याच वर्षी, २०२२-२३ ला, अभ्यासक्रम परत पूर्ण शंभर टक्के. म्हणजे सवलती संपल्या आणि दोन वर्षं न झालेला पाया तसाच. सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, आला होता २०२१ च्या जुलैत, ४५ दिवसांचा, पण तो पण त्याने मोबाईलवरच केलेला, बहिणीच्या किचन ओट्याशेजारी बसून, नेट गेलं की खिडकीत जाऊन.

त्याचा लिहायचा स्पीडच गेला होता. दोन वर्षं पर्यायावर टिक करून परीक्षा दिलेला मुलगा, त्याला तीन तास सलग पेनाने लिहायचं म्हणजे हात भरून यायचा. पहिल्या घटक चाचणीत त्याला उत्तरं येत होती पण पेपर सुटला. शेरा काय आला, तर आळशीपणा.

आता मूळ गोष्टीवर येते. जुलैपासून आऊटिंगला घरी आणलं की तो झोपायचा. अकराला घरात आला की बूट काढायचे, हात धुवायचे आणि दिवाणावर आडवा, तो जेवायला उठवेपर्यंत, जेवला की परत आडवा, साडेतीनला चहा देऊन हलवून उठवायचं. मिसळीला चल म्हटलं तर नको. तलावपाळी नको. माझी मुलगी त्याच्यासाठी गेम लावून बसायची तर म्हणायचा तू खेळ. पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं वाढीचं वय आहे. मग मला रागच यायला लागला, खरं सांगते. मी सहा दिवस नोकरी करून रविवारी सकाळी सातची गाडी पकडून याला आणते आणि हा इथे येऊन घोरतो. ऑगस्टमध्ये एकदा मी त्याला चांगलंच झापलं, की एवढं काय डोंगर खोदतोस तिथे. तो उठून बसला, सॉरी मावशी म्हणाला आणि दोन तास डोळे उघडे ठेवून टीव्हीसमोर बसून राहिला. टीव्हीत काय चाललंय ते बघत नव्हता, फक्त मला दिसावं म्हणून जागा होता. तो चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही अजून.

दिवाळीत आईकडे जाऊन आला, फोनवर सगळे म्हणाले मजेत आहे. मग जानेवारी २०२३. आऊटिंगवरून परत सोडायला निघालो, ठाणे स्टेशनला कर्जत गाडीसाठी उभे. गाडी आली, गर्दी होती, तो म्हणाला पुढची पकडू. पुढची आली, तो बाकावरून उठलाच नाही. मी म्हटलं अरे सहा वाजतील, गेट बंद होईल. तर माझ्याकडे न बघता म्हणाला, मावशी मला ताप आला तर मला घरी पाठवतील ना?

मी कपाळाला हात लावला, थंडगार. म्हटलं तुला ताप नाहीये. म्हणाला, माहितीये, पण आला तर?

मग हळूहळू बोलला, त्या बाकावरच. म्हणाला आमच्यात सगळ्यांनाच सिक रूममध्ये जायचं असतं. तिथे घंटा ऐकू येते पण आपल्यासाठी नसते. कोणी उठवत नाही, काकू पेज आणून देतात, भिंतीकडे तोंड करून झोपता येतं. मुलं काखेत कांदा ठेवून झोपतात म्हणे ताप यावा म्हणून, येत नाही तरी ठेवतात. आणि करोनानंतर नियम झालेला की ताप दिसला तर वेगळं ठेवायचं आणि पालकांना बोलवायचं, त्यामुळे ताप म्हणजे घरी जायचं तिकीट. एका मुलाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बाकीचे त्याच्याकडे हेव्याने बघत होते.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आम्ही याच घरात थर्मामीटर हातात घेऊन रात्री काढल्यात. माझे सासरे त्या लाटेत गेले. ताप हा शब्द ऐकला तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि समोर चौदा वर्षांचा मुलगा ताप यावा म्हणून वाट बघतोय. त्या दिवशी मी त्याला नेऊन सोडलं नाही. शाळेला फोन केला की बरं नाहीये, उद्या बघते. खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

रात्री बहिणीला फोन केला तर ती रडायला लागली, आणि तिच्या सासूबाई मागून म्हणाल्या, ठाण्याला ठेवून घेतलाय का, लोक काय म्हणतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या ठाण्यात मनोरुग्णालय आहे शंभर वर्षांहून जुनं, आणि सगळ्या महाराष्ट्रात याला ठाण्याला पाठवा म्हणजे काय अर्थ होतो ते सांगायला नको. आम्ही ठाणेकर हे लहानपणापासून ऐकत आलोय. त्या एका वाक्यामुळे किती जण नुसतं डॉक्टरकडे जायचे थांबले असतील याचा विचार केला की चीड येते. मी त्या रात्री १४४१६ ला फोन लावला, सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट आहे, रात्रीबेरात्री पण लागते. मराठीत बोलले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्याला सरळ विचारा की स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट मूल मोकळं होतं. मी थरथरत विचारलं. तो म्हणाला नाही मावशी, मला फक्त झोपायचंय.

मग नौपाड्यातल्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासून घेतलं, बी-१२ जरा कमी होतं, बाकी नॉर्मल. डिप्रेशनचे प्रश्न विचारले, त्याच्याशी एकट्याने पाऊण तास बोलल्या. मला म्हणाल्या बर्नआऊट हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हणून धरलेला नाही आणि तो फक्त नोकरी-धंद्यातल्या थकव्यासाठी ठेवलाय, त्यामुळे मी फाईलवर तो लिहिणार नाही. पण फिनलंडमध्ये बरीच वर्षं शाळेतल्या मुलांचा हाच थकवा मोजतायत आणि त्यात तीन गोष्टी बघतात. झोपून न जाणारा शीण, अभ्यासातून मनच उठणं, आणि मला काही जमतच नाही असं वाटत राहणं. तिन्ही याच्यात आहेत म्हणाल्या. आणि झोपेचं गणित मांडून दाखवलं, या वयात आठ ते दहा तास झोप लागते, शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मुलाला रात्री लवकर झोप येतच नाही. साडेदहा ते साडेपाच म्हणजे कागदावरच सात तास, प्रत्यक्षात सहा. दोन वर्षं तो आठ-साडेआठला उठत होता, आणि जूनमध्ये एका रात्रीत त्याचं घड्याळ तीन तास मागे ओढलं.

पण मला सगळ्यात पटलं ते हे, की रोज घरी येणारी मुलं पण दमलीयत, एनसीईआरटीने २०२२ ला पावणेचार लाखांवर विद्यार्थ्यांना विचारलं होतं तर ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा, निकाल याचीच चिंता सांगितली. पण ती मुलं दुपारी शाळेच्या बाहेर येतात. आईवर चिडतात, दप्तर फेकतात, दार आपटतात, जिन्यात बसून मित्राशी टाइमपास करतात. होस्टेलच्या मुलाची शाळा सुटतच नाही. जिथे गणितात मार खाल्ला तिथेच जेवायचं, त्याच मुलांबरोबर आंघोळीची लाईन, ज्या सरांनी ओरडलं तेच रात्री राउंडला. दार आपटायला स्वतःचं दार नाही. आणि ही मुलं दोन वर्षं घराच्या बाहेर पडू शकली नव्हती, मग एकदम अशी झाली की शाळेच्या बाहेर पडू शकत नाहीत.

पुढच्या आठवड्यात बहीण आणि तिचे मिस्टर आले, आम्ही तिघं शाळेत गेलो. रेक्टर आधी म्हणाले सगळी नाटकं आहेत, लॉकडाऊनने मुलं ऐदी झालीत. मला बोलायचं होतं बरंच काही पण दाजी शांतपणे म्हणाले, सर आमचा मुलगा ताप मागतोय, मार्क नाही मागत. त्यावर सर गप्प झाले आणि मग जे बोलले ते पण खरं होतं. साठ मुलांमागे ते एकटे, आधी दोघं होते, दुसरे करोनात नोकरी सोडून गेले ते आलेच नाहीत, स्वतः ते पण साडेपाचला उठून अकराला झोपतात आणि त्यांची बायकोमुलं सांगलीला. त्यांना समुपदेशक मागायचा तर कोणाकडे मागणार. मला त्यांचा राग होता तो कमी झाला असं नाही, पण एकट्या त्यांच्यावर काढण्यासारखा राहिला नाही.

बरीच घासाघीस झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन आठवडे आमच्याकडे ठेवायची परवानगी मिळाली, रात्रीची फाउंडेशन बॅच कायमची बंद, आठवड्यातून दोन दिवस पीटीतून सूट, आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं फोन. फी परत मिळाली नाही बॅचची, जाऊ दे. एक घटक चाचणी बुडाली.

त्या तीन आठवड्यांतले पहिले आठ दिवस तो नुसता झोपला. नवव्या दिवशी दुपारी माझ्या मुलीशी रिमोटवरून भांडला, मोठ्याने, दार आपटून आत गेला, आणि मी किचनमध्ये उभी राहून रडले, आनंदाने. मग एका संध्याकाळी आपणहून म्हणाला तलावपाळीला जाऊया का. बोटीत नाही बसलो, कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. तिथे त्याने सांगितलं की पाचवीतला एक मुलगा रोज रात्री रडतो आणि याच्याकडे येतो, आणि मला कळत नाही मावशी त्याला काय सांगायचं, मला कोणी सांगितलंच नाही. हे सगळ्यात आत होतं बहुतेक.

सगळं एकदम छान झालं असं अजिबात नाही. परत गेल्यावर दोन महिने ठीक, मग परत खाली, दहावीत परत एकदा पंधरा दिवस आणलं. वर्गातली मुलं त्याला पेशंट म्हणायची. मार्च २०२४ ला दहावी दिली, ७१ टक्के पडले, नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, आम्ही पेढे वाटले. आता तो आमच्याकडेच राहतो, इथल्याच ज्युनियर कॉलेजला आहे, बारावी. अजूनही कधी कधी पहाटे साडेपाचला उठून अंथरुणात बसलेला दिसतो, मग परत आडवा होतो.

हे आत्ताच लिहायला बसले त्याचं कारण, बहिणीची धाकटी आता पाचवीला जाणार आणि दाजींची परत बदली आलीये, यावेळी बरंच आत. परत निवासी शाळेचा विषय निघालाय. मी नको म्हटलेलं नाही, कारण तिच्या तिथे खरंच दुसरा पर्याय नाही आणि होस्टेलमध्ये आनंदात वाढलेली मुलं मी पाहिलीयत, हाच पोरगा गेटकडे पळायचा ते मी विसरलेले नाही. येत्या रविवारी शाळा बघायला जायचंय. बहिणीने फी, निकाल, मेस, सुरक्षा असं सगळं वहीत लिहून ठेवलंय. मी त्यात घंटा किती वाजता, रात्री मुलींजवळ कोण असतं, एका मॅडमकडे किती मुली, फोन कधी करता येतो हे वाढवलं. भाच्याला म्हटलं तू झोप रविवारी, आम्ही जाऊन येतो. तर म्हणाला नाही, मी येणार, मला त्यांची सिक रूम बघायचीये, आणि तिथल्या काकूंशी बोलायचंय.